मागचा पाय सरळ की सैल? ताओलू आणि चेन ताईजी यांच्यात अडकलेल्या एका खेळाडूचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकिगत जिची आहे तिच्या परवानगीने लिहितो आहे. तिचं नाव, आमचं गाव आणि तिचं विद्यापीठ मुद्दाम सांगत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाळकरी मुलांना वुशू, म्हणजे चिनी युद्धकलांवरून घडलेला खेळ, शिकवतो. ती चौथीत असताना माझ्याकडे आली. आमच्याकडे कार्पेट नव्हतं. शाळेच्या सभागृहातल्या शहाबादी फरशीवर खडूने 8 बाय 14 मीटरचा चौकोन आखायचा आणि उड्यांपुरत्या ज्युदोच्या जुन्या मॅट टाकायच्या, असा आमचा सराव चालायचा. तिचा प्रकार ताओलूतला, म्हणजे एकट्याने हालचालींचा क्रम सादर करण्यातला, चांगच्वान: लांब पवित्रे, झपाट्याच्या फिरक्या आणि उंच उड्या. बारावीपर्यंत तिने राज्य पातळीवर दोन पदकं मिळवली. 2016 मध्ये ती एमबीबीएससाठी चीनमधल्या हेनान प्रांतात, झेंगझोऊला गेली.

तिथे विद्यापीठाचा वुशू संघ होता. परदेशी मुलगी, आणि तिचं चांगच्वान इतकं स्वच्छ, म्हणून प्रशिक्षकांनी तिला लगेच घेतलं. तोपर्यंत सगळं सरळ होतं. 2017 च्या हिवाळ्यात वर्गातल्या एका चिनी मैत्रिणीबरोबर ती सहज म्हणून पीत नदी ओलांडून वेनश्येन तालुक्यातल्या चेनजिआगोउ या गावी गेली. ताईजीच्वानचं, म्हणजे ताईजी (ताई ची) या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेचं, उगमस्थान मानलं जाणारं हे गाव. सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंगपासून चेन घराण्याने ही विद्या इथे सांभाळली. पुढे यांग लुछान हा बाहेरचा माणूस चेन चांगशिंग यांच्याकडे ती इथेच शिकला आणि त्याच्यामुळे ताईजी बीजिंगला पोहोचली. पाहायला म्हणून गेलेली ही मुलगी परत आली ती दर रविवारी तिथे शिकायला जायचं ठरवूनच.

दोन विद्या वेगळ्या कशा झाल्या

थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर पुढची अडचण नीट कळणार नाही.

‘खरं कुंग फू विरुद्ध नाचाचं वुशू’ अशी मांडणी सगळीकडे ऐकू येते. मला ती पटत नाही. घराण्यातली विद्या बाहेर आणून सर्वांसाठी एकसारखी करायची धडपड चीनमध्ये शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि ती करणारे लोक त्या विद्येवर मनापासून प्रेम करणारेच होते. 1910 मध्ये शांघायला जिंगवू ही युद्धकलेची संस्था निघाली. 1928 मध्ये नानजिंगला केंद्रीय कुओशू (राष्ट्रीय युद्धकला) संस्था उभी राहिली आणि वेगवेगळ्या घराण्यांचे उस्ताद एका छताखाली शिकवू लागले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चिनी पथकाने तिथे प्रात्यक्षिकंही केली. आपल्याकडे पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यामागची तळमळ याच जातीची होती. घराण्याच्या भिंतीआड राहिलं तर गाणं संपेल, ही ती तळमळ.

1949 नंतर मात्र या कामाची दिशा बदलली. 1956 मध्ये यांग शैलीवरून 24 हालचालींचा सोपा ताईजी क्रम तयार झाला, उद्देश लोकांचं आरोग्य. 1959 मध्ये स्पर्धेचे नियम आले. छाच्वान, हुआच्वान अशा उत्तरेकडच्या शैलींमधून आजचं स्पर्धेचं चांगच्वान घडलं, दक्षिणेच्या शैलींमधून नानच्वान. यांत समोरासमोरच्या झुंजीला जागा नव्हती. ती 1979 नंतर सांदाच्या रूपाने, वेगळी वाट म्हणून परत आली. 1983 ते 1986 या काळात सरकारने देशभर पाहणी केली तेव्हा 129 शैलींची नोंद झाली. त्यातली जेमतेम मूठभर स्पर्धेच्या कार्पेटवर पोहोचली आहेत. 1989 मध्ये चेन, यांग, वू आणि सुन या शैलींमधले तुकडे जोडून 42 हालचालींचा स्पर्धेचा ताईजी क्रम केला गेला. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत वुशू पदकाचा खेळ म्हणून उतरलं त्याची तयारी अशी झाली होती.

2005 च्या नियमांनी ऐच्छिक, म्हणजे खेळाडूने स्वतः रचलेल्या, ताओलूत 10 पैकी 5 गुण हालचालींच्या दर्जाला, 3 एकूण सादरीकरणाला आणि 2 अवघडपणाला दिले. हे 2 गुण उड्या, फिरक्या आणि त्यानंतरचं पक्कं उतरणं यांतून मिळवायचे. माझी विद्यार्थिनी याच नियमांवर वाढलेली. मीही त्यांच्यावरच शिकवत होतो.

अडचण

फेब्रुवारी 2018 मध्ये तिने मला चेनजिआगोउतला एक व्हिडिओ पाठवला. फोन विटांच्या भिंतीला टेकवून ठेवलेला होता. ती गोंगबूत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताणलेल्या पवित्र्यात उभी आहे. पवित्रा अगदी मी शिकवला तसा: पुढची मांडी जमिनीला समांतर, मागचा पाय काठीसारखा सरळ, टाच जमिनीला घट्ट. पंचाला बोट ठेवायला जागा नव्हती. गावातले तिचे शिफू, म्हणजे गुरू, पन्नाशीचे गृहस्थ, तिच्या बाजूला आले आणि त्यांनी दोन बोटं तिच्या जांघेजवळ, कंबर आणि मांडी जिथे दुमडते तिथे ठेवली. ढकललं असं म्हणताच येणार नाही. ती दोन पावलं मागे गेली. परत उभी राहिली. परत तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी तिच्या मागच्या गुडघ्यावर हलकेच टिचकी मारली. तो थोडा सैल झाला, कंबर खाली बसली, पवित्रा लांबीला कमी झाला. मग त्यांनी तीच दोन बोटं टेकवली, नंतर अख्खा तळहात टेकवला. ती हलली नाही.

तो व्हिडिओ मी त्या रात्री कितीतरी वेळा पाहिला. आठ-नऊ वर्षं जो पाय मी सरळ करून घेतला होता, तो तिथे चूक ठरत होता. आणि तो सैल पाय कार्पेटवर नेला तर चांगच्वानचे पंच दर वेळी 0.1 गुण कापणार होते.

अडचण एका पायापुरती राहिली नाही. प्रशिक्षकांनी तिला मे महिन्यातल्या स्पर्धेसाठी 42 हालचालींच्या क्रमात उतरवायचं ठरवलं. त्यांचा हेतू चांगला होता: मुलगी ताईजीकडे वळली आहे, तर ताईजीच खेळू दे. पण या क्रमात लाथ कमरेच्या वर जायला हवी, वेग एकसारखा वाहता हवा. गावात लाओजिया यिलू, म्हणजे चेन शैलीचा जुना पहिला क्रम, शिकताना तिला नेमकं उलटं सांगितलं जात होतं. आधी कंबर फिरेल, मग खांदा, मग हात. संथ चालता चालता एका क्षणी ताकद फुटेल, पुन्हा संथ. 42 च्या क्रमात सतरावी हालचाल येते ‘यानशोउ गोंगछुई’, चेन शैलीतून उचललेला ठोसा. सरावात तिने तो गावातल्यासारखा, कंबरेतून झटका देऊन मारला. प्रशिक्षकांनी तिला थांबवून सांगितलं की ठोशानंतर तुझं अंग हलतं आहे, पंचांना ते अस्थिर दिसेल. रविवारी तीच हालचाल गावात केली तेव्हा शिफू म्हणाले, ठोसा हातातच अडकला आहे.

आणि गुडघा. तिचा डावा गुडघा शाळेपासून कुरकुरत होता. हवेत दीड गिरकी घेऊन थेट माबूत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारख्या खोल पवित्र्यात, उतरायची उडी मी तिच्याकडून फरशीवरच्या त्या पातळ मॅटवर करून घेतली होती. पुढच्या हंगामात प्रशिक्षकांना तिने ऐच्छिक ताईजी खेळायला हवी होती, आणि त्यात उडी मारून एका पायावर उतरायचं असतं.

समोरचे पर्याय

एप्रिलच्या सुरुवातीला तिने मला फोन केला. “सर, मी दोन्हीकडे चुकतेय. काय करू, सांगा ना.”

मला तेव्हा तीन वाटा दिसल्या. पहिली, गाव सोडून संघातच राहायचं. संघाकडे कार्पेट होतं, फिजिओ होता, वेळापत्रक होतं, आणि वैद्यकीयचा अभ्यास सांभाळून हे सगळं वसतिगृहापासून चालत पाच मिनिटांवर मिळत होतं. दुसरी, संघ सोडून गावालाच जायचं. रविवार अख्खा जाणार, शिफूंची फी तिच्या खर्चाच्या पैशांतून जाणार, आणि हातात काही दाखवण्यासारखं वर्ष-दोन वर्षं येणार नाही. तिसरी, दोन्ही चालू ठेवायचं: आठवडाभर स्पर्धेचं शरीर, रविवारी गावाचं.

तिचे वडील जुने पैलवान. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: “सर, मातीतला पोरगा मॅटवर जातोच की. माती सोडत नाही अन् मॅटही जिंकतो. हिला का नाही जमणार?” महाराष्ट्र केसरीला माती आणि मॅट असे दोन्ही विभाग असतात, आणि दोन्हीकडे लढलेले मल्ल आपण पाहिले आहेत. मला ते पटलं. मी तिला तिसरी वाट सांगितली.

तो सल्ला चुकीचा होता. का चुकीचा होता, ते कळायला मला बरेच महिने लागले.

मातीतून मॅटवर जाणाऱ्या पैलवानाला नियम नवे असतात. चितपटीऐवजी गुण मोजायचे, घड्याळाकडे लक्ष ठेवायचं, पकड थोडी बदलायची. पण दोन्हीकडे त्याच्या हातात समोरचा माणूसच असतो. तोल चुकला तर तो माणूस लगेच दाखवून देतो. ताओलूत समोर कुणी नसतं. कार्पेटच्या कडेला बसलेले पंच असतात आणि त्यांना दुरून जे दिसतं तेच खरं. लांब गोंगबू दुरून सुंदर दिसतो, उंच लाथ दिसते, पक्कं उतरणं दिसतं. जांघेतली ती घडी पंचाला दिसत नाही, ती फक्त बोट टेकवणाऱ्याला कळते. मातीची खरी जोडी मॅटशी आहे तशी गावातल्या विद्येची जोडी असलीच तर सांदाशी किंवा तुईशोउच्या, म्हणजे हाताला हात लावून तोल काढायच्या स्पर्धेशी आहे. ताओलू ही तिसरीच गोष्ट आहे. ती स्वतःच्या जागी फार सुंदर आहे, हे मी आजही म्हणतो. पण तिच्यासाठी घडवलेलं शरीर दुसरीकडे आपोआप चालत नाही, आणि एकाच आठवड्यात दोन्ही घडवू गेलं तर दोन्ही अर्धवट राहतात.

काय केलं

एप्रिल आणि मे असे दोन महिने तिने दोन्ही ओढलं. सकाळी संघ, दिवसा कॉलेज, रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर अर्धा तास नुसतं उभं राहणं आणि रेशीम उलगडल्यासारख्या हाताच्या गोल फिरक्या. स्पर्धेत तिचा क्रमांक मधला लागला. प्रशिक्षक रागावले नाहीत, पण त्यांनी जे सांगितलं ते नेमकं होतं: “तुझा अर्धा क्रम आमचा आहे आणि अर्धा कुणा दुसऱ्याचा.”

जूनमध्ये गुडघा सुजला. एमआरआयमध्ये मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेला, जुनी इजा दिसली. डॉक्टरांनी सहा आठवडे उड्या आणि खोल पवित्रे बंद करायला सांगितलं. निर्णय तिथे आपोआप झाला असं वाटेल, पण तसं झालं नाही. उलट या सहा आठवड्यांत ती पहिल्यांदा स्वतः विचार करायला मोकळी झाली. मीही या वेळी सल्ला दिला नाही, फक्त एक प्रश्न विचारला: तुझी हालचाल बरोबर आहे हे तुला कुणी सांगावं असं वाटतं, बघणाऱ्याने की धरणाऱ्याने?

ती चार दिवसांनी बोलली. म्हणाली, “सर, धरणाऱ्याने.”

जुलैमध्ये ती स्वतः प्रशिक्षकांना भेटली आणि ऐच्छिक ताईजी खेळणार नसल्याचं सांगितलं. संघातल्या नव्या मुलांना चांगच्वानचे मूलभूत पवित्रे शिकवायला मी येत राहीन, असंही सांगितलं. प्रशिक्षकांना वाईट वाटलं. तरीही पुढची दीड वर्षं त्यांनी तिला सरावाची जागा वापरू दिली, ही त्यांची मोठी माणुसकी. गावात शिफूंनी तिला परत पहिल्यापासून सुरू करायला लावलं. तीन महिने कुठलाही क्रम नाही. उभं राहणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, गोल फिरक्या. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही आणि आतही वळू द्यायचा नाही, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की तिला ते झोपेत ऐकू यायचं.

एक पर्याय जो आम्हा कुणालाच दिसला नाही

2019 च्या वसंतात तिला गावातच एक गोष्ट कळली, आणि ती ऐकून मला स्वतःची लाज वाटली. चीनमध्ये पारंपरिक शैलींच्या वेगळ्या स्पर्धा होतात. आंतरराष्ट्रीय वुशू महासंघाचा पहिला जागतिक पारंपरिक वुशू महोत्सव 2004 मध्ये खुद्द झेंगझोऊमध्येच झाला होता. तिथे चेन शैलीचा क्रम चेन शैली म्हणूनच पाहिला जातो. तो 42 च्या मापाने मोजला जात नाही. मी एवढी वर्षं वुशूत घालवली होती, पण माझ्या डोक्यात ‘स्पर्धा’ म्हणजे चांगच्वान, नानच्वान, ताईजीच्वान आणि त्यांची शस्त्रं एवढंच पक्कं बसलं होतं.

गावाबद्दलची माझी कल्पनाही सरधोपट निघाली. मी समजत होतो की तिथे सगळे आजोबा अंगणात संथपणे हात फिरवत असतील. तिने पाठवलेल्या चित्रफितींत शिफूंच्याच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला शाळेची मुलं उलट्या उड्यांचा सराव करत होती. शिफू स्वतः तरुणपणी प्रांताकडून स्पर्धेत खेळले होते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात उघडपणे सराव करणं धोक्याचं होतं, आणि ती वर्षं सरल्यावर गावात ही विद्या पुन्हा उघड्यावर आली ती बऱ्याच अंशी स्पर्धांच्या आणि सरकारी आधाराच्या जोरावर, असं त्यांनीच तिला सांगितलं. म्हणजे मी जिला शुद्ध परंपरा समजत होतो, तिला जिवंत ठेवण्यात कार्पेटचाही वाटा होता.

परिणाम

2019 च्या शरदात ती एका पारंपरिक गटाच्या स्पर्धेत लाओजिया यिलू खेळली. पदक मिळालं नाही. शिफू प्रेक्षकांत बसले होते. नंतर त्यांनी फक्त एवढंच विचारलं की ‘यानशोउ गोंगछुई’च्या वेळी टाच कुठे होती. तिला आठवत होतं. “मग ठीक,” म्हणाले.

जानेवारी 2020 मध्ये ती सुट्टीला घरी आली आणि कोरोनामुळे परत जाता आलं नाही. तिच्यासारख्या हजारो मुलांचे पुढचे वर्ग ऑनलाइन झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने ताईजीच्वानला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हा ती घराच्या गच्चीवर एकटीच यिलू करत होती. क्रम एकटीने होतो, तुईशोउ होत नाही. धरणारं कुणी नसलं की सहा महिन्यांत जांघेतली ती घडी हळूहळू परत ताठ होते, असं तिनेच मला दाखवलं. मी बोटं टेकवली आणि ती एक पाऊल मागे गेली.

गुडघा बरा आहे. खोल माबू ती आता घेत नाही.

निर्णयाच्या जागा, आणि आज मी काय वेगळं केलं असतं

पहिली जागा फार मागे आहे: फरशीवरची ती उडी. पदकासाठी अवघडपणाचे गुण हवे होते आणि कार्पेट नव्हतं, तर मी उडीच घ्यायला नको होती. आता नीट मॅट असल्याशिवाय मी दीड गिरकी कुणालाच करू देत नाही. त्यामुळे आमच्या मुलांचे गुण कमी होतात आणि पालक विचारतात. मी त्यांना तिचा गुडघा सांगतो.

दुसरी जागा एप्रिलमधला तो फोन. मी तिच्या प्रश्नाला वाट दाखवायची घाई केली. तिने काय शिकावं याआधी ती कुणाच्या परीक्षेला बसते आहे हे विचारायला हवं होतं. शिवाय दोघांपैकी एकालाही मी कधी थेट विचारलं नाही, ना प्रशिक्षकांना, ना शिफूंना. तिच्या मार्फतच बोललो. प्रशिक्षकांना विचारलं असतं तर पारंपरिक गटाची माहिती त्यांनीच पहिल्या दिवशी दिली असती.

तिसरी जागा माझ्या वर्गातली आहे. मी चांगच्वान शिकवणं सोडलं नाही, सोडणारही नाही. मुलांच्या अंगात त्याने जी लवचिकता आणि हिंमत येते ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण आता प्रत्येक पवित्रा शिकवताना तो दोनदा घेतो. एकदा पंचासाठी, मागचा पाय सरळ. एकदा जोडीदाराने हात टेकवल्यावर, पाय हवा तसा. दोन्ही वेळा मुलांना सांगतो की हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लहान मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

तुईशोउच्या जोडीदाराचा प्रश्न तिनेच सोडवला. आमच्या गावातल्या तालमीत तिच्या वडिलांच्या ओळखीचा एक तरुण पैलवान आहे, वजनाने तिच्या दीडपट. 2021 च्या पावसाळ्यात ती त्याच्याकडे गेली आणि मनगटाला मनगट कसं लावायचं ते तिने त्याला दाखवलं. पहिल्या दिवशी त्याने तिला चार वेळा सरळ उचललं. महिन्याभराने मी पाहायला गेलो. त्याने खांद्यावर भार टाकला, तिची कंबर थोडी फिरली, आणि त्याचा पुढचा पाय हौद्यातल्या लाल मातीत फुटभर सरकला. तो हसला, मांडीवरची माती झटकली आणि म्हणाला, “ताई, पुन्हा एकदा.”